कार्लाइलचा फड आणि सुपारीचा हिशेब

आधी नुसतं वेळापत्रक पाहू. साल १९१२. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावात इंडियन इंडस्ट्रिअल स्कूल नावाची सरकारी निवासी शाळा होती. तिचा फुटबॉल संघ २१ सप्टेंबरला ऑलब्राइटशी खेळला, २५ ला लेबनन व्हॅलीशी, २८ ला डिकिन्सनशी, २ ऑक्टोबरला व्हिलानोव्हाशी, ५ ला वॉशिंग्टन अँड जेफरसनशी. पंधरा दिवसांत पाच सामने. पुढे सिरॅक्यूज, पिट्सबर्ग. २६ ऑक्टोबरला शनिवारी राजधानीत जॉर्जटाउनशी, आणि मधला रविवार आगगाडीत काढून सोमवारी २८ ला थेट कॅनडात टोरांटोशी. मग लीहाय, वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, स्प्रिंगफील्ड आणि २८ नोव्हेंबरला ब्राउन. एकूण ६९ दिवसांत चौदा सामने. ५ ऑक्टोबरनंतर मोसम संपेपर्यंत हा संघ स्वतःच्या गावात एकदाही खेळला नाही.

त्याच वर्षी हार्वर्ड नऊ सामने खेळलं. येलविरुद्धचा शेवटचा सामना सोडला तर सगळे घरच्या मैदानावर.

शाळेच्या संघाचा कार्यक्रम असा नसतो. असा कार्यक्रम तमाशाच्या फडाचा असतो. आज या गावी, उद्या त्या जत्रेत, आणि जाण्याआधी सुपारी ठरलेली. त्या काळी अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये यजमान कॉलेज पाहुण्या संघाला तिकीटविक्रीतला वाटा द्यायचं, नाहीतर हमीची ठरावीक रक्कम. पाहुणा संघ लोकप्रिय असेल तर सुपारी मोठी. कार्लाइल हे छोटं गाव, तिथल्या मैदानावर गल्ला जमणार नव्हता. म्हणून संघ फिरत राहिला. कार्लाइलच्या त्या झळाळत्या मोसमाबद्दल बोलताना लोक गुणफलक समोर ठेवतात. माझ्या मते वही समोर ठेवायला हवी: सुपारी किती, ती कुणाच्या हातात पडली, आणि हिशेब विचारायचा हक्क कुणाला होता. अमेरिकेत आज कॉलेज खेळाडूंना पैसे द्यावेत का यावर जो वाद चालू आहे, त्यातही नेमका हा शेवटचा प्रश्न बाजूला पडतो.

पहिली गोष्ट, कार्लाइल हे कॉलेज नव्हतंच. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानं जुन्या लष्करी बराकींत ही शाळा काढली. वेगवेगळ्या मूळनिवासी जमातींची मुलं (आपल्याकडे अजूनही सरसकट ‘रेड इंडियन’ म्हणतात, पण ती सू होती, ओजिब्वे होती, सॅक अँड फॉक्स होती, आणि एकमेकांची भाषाही त्यांना येत नसे) शेकडो मैलांवरून आणायची, केस कापायचे, मातृभाषा बोलायला बंदी करायची, अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस सुतारकाम, शिवणकाम, छपाई, शेती. ‘त्याच्यातला इंडियन मारा, माणूस वाचवा’ हे प्रॅटचं धोरण त्यानंच १८९२ मध्ये भाषणात सांगितलेलं. शिकवणीचा दर्जा साधारण आठवीपर्यंतचा. उन्हाळ्यात ‘आउटिंग’ नावाखाली मुलांना गोऱ्या कुटुंबांकडे शेतमजूर किंवा घरगडी म्हणून पाठवत. मजुरी कमी, आणि तिचा मोठा भाग शाळेच्या खात्यात जमा. म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रमाचे पैसे संस्थेनं ‘त्याच्या भल्यासाठी’ सांभाळायचे, ही पद्धत तिथे फुटबॉलच्या आधीपासून रुळलेली होती. फुटबॉल हे त्याच पद्धतीचं सगळ्यात किफायतशीर खातं झालं.

अशी शाळा हार्वर्डला आणि लष्कराला हरवत होती, हे मात्र खरंच नवल आहे, आणि ते कसं घडलं हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ‘उपजत चपळाई’ असलं काहीतरी सांगून वर्तमानपत्रांनी तेव्हा ते उडवून लावलं. खरं कारण नियमांच्या पुस्तकात सापडतं.

अमेरिकी फुटबॉल म्हणजे अकरा-अकरा गड्यांचा, लांबट चेंडू हातात धरून पळण्याचा खेळ. चेंडू हाती असलेल्या संघाला ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर काटावं लागतं, नाहीतर चेंडू समोरच्याला. १९०५ पर्यंत तीन प्रयत्नांत पाच यार्ड एवढीच अट होती. त्यामुळे सगळ्यात फायद्याचं तंत्र एकच, जड गड्यांची घट्ट मोळी करून मध्यभागी घुसायचं. मागून ढकलणारे, पुढून ओढणारे, खाली चेंगरलेले. त्या वर्षी मैदानावर मुलं मेली, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं, आणि १९०६ मध्ये नियम बदलले. आता तीन प्रयत्नांत दहा यार्ड काटायचे आणि चेंडू पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी. पण परवानगी हात आखडता घेऊन दिलेली. कुणाचाही हात न लागता पास जमिनीवर पडला की चेंडूच समोरच्या संघाला. बहुतेक मोठी कॉलेजं म्हणून पासच्या वाटेला गेली नाहीत. जड गडी भरपूर असताना जोखीम घ्यायची कशाला?

कार्लाइलकडे जड गडी नव्हते. शाळेत पटावर सुमारे हजार मुलंमुली, त्यातली कित्येक लहान. अकरा दणकट मुलं उभी करतानाच दमछाक, मग त्यांच्या जागी उतरवायला दुसरी फळी कुठून आणणार? प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर यांनी म्हणून पास, बगलेतून धाव आणि हुलकावणी यांवर भर दिला. १९०७ मध्ये याच खेळावर कार्लाइलनं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला २६-६ नं हरवलं, हार्वर्डला २३-१५ नं. जो संघ दुबळा असतो तो नियम जास्त बारकाईनं वाचतो. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध याच शाळेनं चेंडू एका गड्याच्या सदऱ्यात पाठीमागे लपवून टचडाउन (म्हणजे चेंडू समोरच्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणं) केला होता. नियमात बसत होतं. ती गंमत लोकांना अजून आठवते, तो सामना कार्लाइल ११-१२ असा हरलं हे कुणी सांगत नाही.

आता १९१२ चे बदल पाहा. त्या वर्षी तीनऐवजी चार प्रयत्न झाले. टचडाउनचे गुण पाचावरून सहा. मैदान ११० यार्डांवरून १०० यार्डांवर आणून दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा आखला, आणि त्या पट्ट्यात झेललेला पास टचडाउन धरायला सुरुवात झाली. वीस यार्डांपलीकडे पास फेकायचा नाही ही १९१० मधली मर्यादा उठली.

गणित मांडलं तर चार प्रयत्नांचा नियम खरं म्हणजे जड संघांच्या फायद्याचा. पूर्वी दर प्रयत्नाला सरासरी सव्वातीन यार्डांहून थोडं अधिक काटावं लागे, आता अडीच पुरले. घुसखोरी करणाऱ्याला अडीच यार्ड म्हणजे हातचा मळ. पण हलक्या संघाला त्याच नियमानं दुसरंच काही दिलं. एक प्रयत्न वाया घालवायची चैन. हुलकावणीचा डाव फसला, पाच यार्ड मागे गेलो, तरी अजून तीन संधी. तीन प्रयत्नांच्या काळात असा डाव फसला की पुढे बहुधा चेंडू लाथेनं लांब मारून देण्यावाचून गत्यंतर नसे. वॉर्नर यांनी हे हेरलं.

त्यांची रचना ‘सिंगल विंग’ म्हणून ओळखली जाते. चेंडू मधल्या गड्याकडून थेट चार-पाच यार्ड मागे उभ्या असलेल्या हाफबॅककडे, म्हणजे मागच्या फळीतल्या धावणाऱ्या गड्याकडे, जातो. पुढच्या ओळीत एका बाजूला जास्त गडी, आणि त्या बाजूच्या टोकाबाहेर किंचित मागे एक हाफबॅक, म्हणजे ‘विंग’. त्यामुळे समोरच्या टॅकलवर, म्हणजे ओळीच्या टोकाजवळच्या गड्यावर, दोन गडी एकदम तुटून पडू शकतात. १९१२ मध्ये वॉर्नर यांनी दुसरा हाफबॅकही दुसऱ्या टोकाला नेला. ही ‘डबल विंग’. आता दोन्ही टोकांचे गडी आणि दोन्ही विंग मिळून चौघे एका क्षणात पास झेलायला पुढे सुटू शकतात, किंवा एक विंग उलटा पळत येऊन चेंडू घेऊन विरुद्ध दिशेला जाऊ शकतो. बचाव करणाऱ्यानं कुणाच्या मागे जायचं?

या रचनेची दुखणीही आहेत. मागे माणसं कमी, म्हणून मधून घुसायची ताकद उरत नाही. चेंडू थेट लांबून येतो, तो पावसानं निसरडा झाला की हातातून सटकतो. आणि उलट्या धावेला वेळ लागतो. समोरच्या टोकाचा बचावपटू पहिल्या हालचालीला न फसता जागेवर ठाम राहिला, तर चेंडूवाला आयता त्याच्या मिठीत, सहा-आठ यार्ड मागे. म्हणजे सगळा डाव समोरच्याच्या उतावळेपणावर आणि आपल्या पायांतल्या ताकदीवर चालतो. पाय दमले की रचना कागदावरच राहते. हे पुढे लक्षात ठेवायचं आहे.

शिवाय त्या काळी प्रशिक्षकाला कडेला उभं राहून सूचना देता येत नसत. डाव कुठला टाकायचा हे मैदानावर क्वार्टरबॅक ठरवायचा. कार्लाइलचा क्वार्टरबॅक होता ओजिब्वे जमातीचा गस वेल्च. साठ मिनिटं तेच अकरा जण चढाईही करत आणि बचावही. हाफबॅक जिम थॉर्प पळायचा, पास फेकायचा, चेंडू लांब मारायचा, लाथेनं तो गोलच्या खांबांमधून घालून फील्ड गोल साधायचा आणि वर बचावात समोरच्यांना पाडायचाही. सॅक अँड फॉक्स जमातीचा थॉर्प त्याच जुलैत स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटाथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकून आलेला.

निकाल नुसते वाचले तरी डोळे दिपतात. ऑलब्राइट ५०-७, लेबनन व्हॅली ४५-०, डिकिन्सन ३४-०, व्हिलानोव्हा ६५-०. वॉशिंग्टन अँड जेफरसनशी मात्र ०-०. आदल्या वर्षी ज्या सिरॅक्यूजकडून एका गुणानं हरले होते (११-१२, अख्ख्या १९११ च्या मोसमातली एकमेव हार), त्याला ३३-०. पिट्सबर्ग ४५-८. सगळ्या मोसमात ५०४ गुण, बारा विजय, एक बरोबरी, एक हार. थॉर्पच्या नावावर २५ टचडाउन आणि १९८ गुण सांगितले जातात.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट. हा सामना दंतकथा होऊन बसला आहे, आणि त्याचं कारण उघड आहे. अमेरिकी लष्करानं सू लोकांचं केलेलं वूंडेड नीचं हत्याकांड १८९० चं, म्हणजे फक्त बावीस वर्षं जुनं. समोर त्याच लष्कराचे होऊ घातलेले अधिकारी, त्यांत पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक हाफबॅक. लष्करानं आधी गुण केले. मध्यंतराला कार्लाइल ७-६ असं जेमतेम पुढे. उत्तरार्धात लष्कराचा कर्णधार लेलंड डेव्होर कार्लाइलच्या जो गायॉनवर धावून गेला आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. शेवट २७-६. डबल विंगपुढे जड बचावाचे पाय कुठे पडावेत तेच कळेनासं झालं.

या सामन्याची गोष्ट सूड म्हणून सांगायची सवय लागली आहे. पराभूतांनी विजेत्यांना हरवलं, हिशेब चुकता. ही मांडणी मला फसवी वाटते, कारण त्या विजयाचं तिकीट लष्करी अकादमीच्या मैदानावर फाटलं नसलं तरी त्याची किंमत पुढच्या सामन्याच्या गल्ल्यात वाढून मिळाली, आणि तो गल्ला अकरा खेळाडूंपैकी कुणाच्याही हातात आला नाही. सामन्यानंतर मुलं पुन्हा त्याच शाळेत गेली जिथे त्यांची भाषा बोलायला बंदी होती. मूळनिवासींना सरसकट नागरिकत्व मिळालं १९२४ मध्ये. मैदानावर साठ मिनिटं डाव ठरवणारा वेल्च मैदानाबाहेर सरकारचा पाल्य होता.

आणि वेस्ट पॉइंटनंतर सातव्या दिवशी फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून २६-३४ अशी हार. याचं खापर तेव्हा बेफिकिरीवर फोडलं गेलं. आकडे वेगळं सांगतात. पहिल्या सहा सामन्यांत कार्लाइलवर मिळून सात गुण झाले होते. जॉर्जटाउननं एकट्यानं वीस केले, लीहायनं चौदा, पेननं चौतीस, स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेनं चोवीस (बास्केटबॉल जन्मलं तीच ही शाळा, फुटबॉलमधलं बडं प्रस्थ नव्हे). चढाई अजून चालत होती, बचाव ढासळत होता. दमलेल्या संघाचं हेच लक्षण. चेंडू हातात असताना माणूस उसनं बळ आणतो, समोरच्याच्या मागे पळताना ते बळ येत नाही. सामने कमी घेतले असते, घरी दोन आठवडे विश्रांती दिली असती, तर ही हार टळली असती असं मला वाटतं. पण विश्रांतीच्या आठवड्याला सुपारी मिळत नाही.

पैसा जायचा कुठे? शाळेचा ‘अ‍ॅथलेटिक फंड’ होता. शाळा सरकारी, पण हा निधी सरकारी तिजोरीत जमा होत नसे, म्हणून सरकारी लेखातपासणीच्या कक्षेबाहेर. त्यातून प्रशिक्षकाचा पगार, त्याचं घर, शाळेतल्या काही इमारती, प्रवास, प्रसिद्धी असा खर्च व्हायचा. खेळाडूंनाही यातून मिळायचं. एका काळात दरमहा थोडी रोख रक्कम, ‘कर्ज’ या नावाखाली. १९०८ नंतर रोख थांबली, मोसमाअखेर गावातल्या दुकानातून पंचवीस डॉलरचा सूट आणि पंचवीस डॉलरचा ओव्हरकोट. वेगळी राहण्याची जागा, इतर मुलांपेक्षा बरं जेवण.

इथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. त्या मुलांना फुटबॉलमुळे पोटभर जेवण मिळालं, देश पाहायला मिळाला, नाव झालं, काहींना पुढे व्यावसायिक खेळात आणि प्रशिक्षणात जागा मिळाली. शाळेतल्या बाकीच्या मुलांपेक्षा ती सुखी होती. शिवाय अनेकांना खेळ मनापासून आवडत होता, त्यांना नुसतं पिळवणुकीचे बळी म्हणणं हा त्यांच्या कसबाचा अपमान आहे. मान्य. डबल विंग वॉर्नर यांनी कागदावर काढली, ती चालवली वेल्च, थॉर्प, गायॉन, अर्कासा, पॉवेल यांनी. पण याच कारणासाठी हिशेबाचा मुद्दा आणखी धारदार होतो. बरं जेवण हे शाळेचं कर्तव्य होतं, बक्षीस नव्हे. जे सगळ्या हजार मुलांना मिळायला हवं ते पंचवीस-तीस जणांना खेळाच्या बदल्यात मिळत असेल, तर ती मजुरीच झाली. फक्त मजुरी म्हणायचं नाही असं ठरलेलं.

‘हौशी’ या शब्दाचा खरा उपयोग जानेवारी १९१३ मध्ये दिसला. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरातल्या एका वर्तमानपत्रानं बातमी दिली की थॉर्प १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. रक्कम किरकोळ, दर्जा गावपातळीवरचा. त्या काळी कॉलेजची कितीतरी मुलं उन्हाळ्यात अशी खेळत, फक्त खोट्या नावानं. थॉर्प स्वतःच्या नावानं खेळला. हौशी खेळांच्या अमेरिकी संघटनेनं त्याचं हौशीपण रद्द केलं, ऑलिंपिकची दोन्ही पदकं काढून घेतली गेली. खेळांच्या नियमावलीनुसार हरकत तीस दिवसांत घ्यायला हवी होती, इथे सहा महिने उलटून गेले होते. ती बाब कुणी उपस्थित केली नाही, कारण उपस्थित करायला त्याच्या बाजूनं कुणी वकील नव्हता. शाळेनं आणि वॉर्नर यांनी आपल्याला काही ठाऊक नसल्याचं सांगितलं. थॉर्पच्या नावे जे माफीपत्र गेलं त्यात तो अडाणी इंडियन शाळकरी मुलगा होता, असल्या गोष्टी त्याला कळत नव्हत्या, असं लिहिलेलं. दोन मोसम हा मुलगा शाळेत नव्हता, १९११ मध्ये परत आला आणि थेट हार्वर्डविरुद्ध चार फील्ड गोल करून १८-१५ असा सामना जिंकून देता झाला. तो मधल्या काळात कुठे होता हे प्रशिक्षकानं विचारलंच नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकाच संस्थेत, एकाच वेळी, गल्ल्यावर चालणारा निधी हौशी ठरतो आणि उन्हाळ्यात बेसबॉलमधून किरकोळ पैसे कमावणारा मुलगा व्यावसायिक. हौशीपणाची व्याख्या पैसा घेण्यावर नव्हती, पैसा कुणी घेतला यावर होती.

हिशेब मागितला तो अखेर मैदानावरच्या डाव टाकणाऱ्यानं. गस वेल्चनं पुढाकार घेऊन दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला. फेब्रुवारी १९१४ मध्ये सिनेटर जो रॉबिन्सन यांच्या अध्यक्षतेखालची संसदेची संयुक्त समिती कार्लाइलला आली. साक्षी झाल्या. निधीचे व्यवहार, खेळाडूंना दिलेल्या रकमा, वॉर्नर यांची शिवीगाळ आणि मारहाण, अपुरं जेवण, एका विद्यार्थिनीला झालेली मारझोड, सगळं कागदावर आलं. मुख्याधिकारी मोझेस फ्रीडमन यांना पद सोडावं लागलं. वॉर्नर आणखी एक मोसम थांबून १९१५ मध्ये पिट्सबर्गला गेले आणि तिथे लागलीच एकही सामना न हरता मोसम काढला. शाळा १९१८ मध्ये बंद पडली, बराकी लष्कराकडे परत गेल्या.

या अर्जातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुलांनी ‘आम्हाला वाटा द्या’ एवढंच म्हटलं नाही. वागणूक, जेवण, शिक्षण आणि निधीचा कारभार यांची चौकशी करा असं म्हटलं. मागणी वहीची होती.

आजच्या वादाकडे याच नजरेनं पाहावं. अमेरिकेच्या कॉलेज क्रीडा संघटनेनं, म्हणजे एनसीएएनं, ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द १९५० च्या दशकात रूढ केला, आणि त्यामागे जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून भरपाई मागू नये हा हेतू होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अल्स्टन खटल्यात शैक्षणिक लाभांवरची बंधनं बेकायदा ठरवली, त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा दर विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. अनेकांनी याला शंभर वर्षांच्या अन्यायाचा शेवट म्हटलं.

मला ते सुधारलेलं ओव्हरकोटाचं दुकान वाटतं. मर्यादा किती असावी, ती कुठल्या उत्पन्नातून मोजायची, कुठल्या खेळाला किती, हे खेळाडूंच्या संघटनेशी सौदा करून ठरलेलं नाही, कारण अशी मान्यताप्राप्त संघटनाच नाही. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये तसा प्रयत्न केला, राष्ट्रीय कामगार संबंध मंडळानं पुढच्या वर्षी हात झटकले. डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये संघटनेच्या बाजूनं मतदान केलं, वर्ष संपायच्या आत तो अर्ज मागे घेतला गेला. आणि वेळापत्रक? प्रक्षेपणाच्या कराराला सोयीचं म्हणून पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठं २०२४ पासून पूर्वेकडच्या संघांबरोबर एका गटात खेळतात, देश ओलांडून विमानानं. तेही खेळाडूंना विचारून ठरलं नाही.

म्हणून सूचना अगदी व्यवहाराच्या आहेत. मोसमात सामने किती, दोन सामन्यांत किमान किती दिवस, प्रवासाची कमाल मर्यादा काय, याच्या करारावर खेळाडूंच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीची सही असावी. क्रीडा विभागाच्या जमाखर्चाची पूर्ण प्रत त्याला दर तिमाहीला मिळावी, नुसती बेरीज नको. दुखापतीचा खर्च खेळणं संपल्यानंतरही विद्यापीठानं उचलावा. आणि नियमभंगाची शिक्षा आधी संस्थेला, मग प्रशिक्षकाला, शेवटी खेळाडूला, या क्रमानं लागावी. १९१३ चा क्रम नेमका उलटा होता. यावर म्हणतील की विद्यापीठांना हे परवडणार नाही. ज्यांना प्रशिक्षकाला कामावरून काढताना कोट्यवधी डॉलरची भरपाई परवडते, त्यांना जमाखर्चाची एक प्रत परवडेल.

थॉर्पची पदकं १९८२ मध्ये परत मिळाली, पण सहविजेता म्हणून. एकमेव विजेता अशी नोंद व्हायला जुलै २०२२ उजाडलं. तो १९५३ मध्येच वारला होता. ओक्लाहोमात जमातीच्या रीतीनं विधी सुरू असताना त्याच्या तिसऱ्या पत्नीनं पार्थिव हलवलं आणि पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक या खाणींवर जगणाऱ्या, तोवर डबघाईला आलेल्या गावाशी करार केला. गावानं नाव बदलून ‘जिम थॉर्प’ ठेवायचं, स्मारक बांधायचं, त्या बदल्यात देह त्यांचा. पर्यटक येतील ही आशा. वडिलांना ओक्लाहोमात नेऊन पुरावं म्हणून मुलांनी खटला भरला. खालच्या न्यायालयात जिंकले, २०१४ मध्ये वरच्या न्यायालयात हरले, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऐकायलाच नकार दिला. कबर अजून तिथेच आहे, रस्त्याच्या कडेला, पुतळ्यांसकट. पाहायला तिकीट नाही.